बांडगूय

आमच्याकडे ळ जिभेवर टिकत नाही.
केळीची केयी होते, काळ्याचा काया,
आणि बांडगुळाचं बांडगूय:
टोक मोडलेल्या काट्यासारखं.
तरी रुततं.

बापाला ते नाव गावानं दिलेलं.
कागदावर तो सुपडू धनजी चौधरी, वरणगावाकडचा,
लग्नानंतर राहिला इथं, सासऱ्याच्या ओट्यावर,
सुकी नदीच्या काठचे एकवीस आंबे राखत.
आखाजीला साऱ्या पोरी माहेरी यायच्या.
माझी आई कुठून येणार?
ती झोक्यावर नुसती बसून राहायची
आणि बाप दोर तपासायचा, दोन दोनदा.

झोक्याची फांदी तोच निवडायचा.
बांडगूळ धरलेली नको, म्हणायचा,
गाठीच्या पुढं लाकूड वाळलेलं असतं,
वजन आलं की कटकन जातं.

माघ उतरला की कोयता कमरेला खोचून चढायचा.
खालून आजा काठीनं दाखवायचा, तो पाहा, तो पाहा,
आंब्याच्या पानांत आंब्याची नसलेली पानं,
जाड, राखट,
आणि नारिंगी नळ्यांची फुलं,
शिंजिरानं चोच लावली की फट्‌ उघडणारी.
झुबके माझ्या अंगावर पडायचे.
मी फुलं वेचून कानांत घालायची.
"टाक ते," आजा म्हणायचा, "फुकटखाऊचं लेणं."
वर कोयता क्षणभर थांबायचा.
मग पुन्हा.

वीस आंबे तो दरसाल साफ करायचा.
एकविसावा विहिरीवरचा. त्यावरचं एक झुडूप
आज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला त्या वर्षापासून
वाढतच गेलं.
मी विचारलं, तेव्हा आठवीत असेन.
पाय खोडाला आवळून तो वरूनच बोलला:
"पानी मांगून पेतं ते.
पन ऊन त्याचं सोताचं हाये."

पुढं भुसावळला, कॉलेजात,
बाईंनी फळ्यावर लिहिलं: अर्धपरजीवी.
जमिनीत मूळ नाही, पण पान हिरवं,
अन्न आपलं आपण शिजवतं.
वर्गानं उतरवून घेतलं.
मी 'अर्ध'खाली रेघ मारली, मग आणखी एक,
कागद फाटेपर्यंत.

आजा आधी गेला, मग बाप.
मामांनी आंब्यांच्या जागी टिश्यूची केळी लावायची ठरवली.
कटर दोन दिवस चालला.
तुला काही हवं का, फोन आला.
विहिरीवरच्या आंब्याची ती गाठ, मी म्हटलं.
मामा हसला. "जयाले बी कामाची नाही ती."

गाठ आता फैजपुरात, माझ्या टेबलावर.
कापलेल्या अंगानं पाहिलं तर रेषा आंब्याच्या निघतात,
वळतात, दाटतात,
आणि मध्येच कुठंतरी आंब्याच्या राहत नाहीत.
नखानं शोधलं. भिंगानं शोधलं.
शिवण सापडत नाही.
आई आली की पदरानं पुसते ती
आणि जरा सरकवून ठेवते,
खिडकीतलं ऊन लागेल अशी.

यंदा चैत्रात गच्चीवर, कपड्यांच्या तारेला
फुलटोच्यानं शेपूट घासली.
बी लोंबलं, आपल्याच चिकट धाग्याला.
आठ दिवसांत त्यातून हिरवं बोट निघालं,
वाकलं, प्लास्टिकवर टोक टेकवून
साल चाचपत राहिलं.

त्रेचाळीस अंश होते.
कपडे मी खाटेवर वाळत घातले.
आणि रोज सकाळी, चूळ भरून झाली की
तांब्यात उरलेलं पाणी त्या तारेवर शिंपडायची.
त्याचा काही उपयोग नसतो,
मी हेच शिकलेय, शिकवतेही.
त्यानं मागितलंही नव्हतं.